पडणाऱ्या दातात सिमेंट कशाला?

सहा वर्षांची मुलगी खुर्चीत बसली होती. खालची उजवीकडची दाढ मधोमध काळी, पोकळ. पोळी खाताना घास अडकतो, अडकला की ती त्या बाजूने चावायचं सोडून देते. आईने विचारलं, "डॉक्टर, सिमेंट भरावं लागेल का?" मी उत्तर देण्याआधीच मागे उभ्या असलेल्या आजी म्हणाल्या, "अहो, दुधाचीच दाढ ना? वर्षा-दोन वर्षांत पडेल. पडणाऱ्या दातात पैसे कशाला घालायचे?"

लहान मुलांच्या दातांवर उपचार करताना मला सर्वांत जास्त वेळा हाच प्रश्न ऐकू येतो. प्रश्न रास्त आहे. जुन्या घराला महिन्याभराने पाडायचंच असेल, तर त्याला रंग कोण काढेल? पण आजींच्या हिशेबात एक आकडा चुकलेला होता. ती दाढ वर्षा-दोन वर्षांत पडणार नव्हती. ती पडायला अजून चार-पाच वर्षं होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ५१ कोटी ४० लाख मुलांच्या दुधाच्या दातांत कीड आहे. एवढ्या घरांमध्ये हा प्रश्न कधी ना कधी विचारला जातो, म्हणून त्याचं उत्तर जरा मुळापासून देते.

कीड म्हणतात, पण किडा नसतो

आपल्या भाषेत दात 'किडतो'. धान्याला, लाकडाला कीड लागते तशी दाताला लागते, असंच त्या शब्दामुळे मनात बसतं. गावाकडे अजूनही कुणी भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून तोंडाला धुरी देतं आणि नंतर पाण्यात पांढऱ्या अळीसारखं काहीतरी दाखवून "बघा, कीड पडली" म्हणतं. ते बीमधलंच काहीतरी असतं, किंवा आधीच हातात लपवलेलं. दातात अळी कधीच नसते. हजारो वर्षांपूर्वी बॅबिलोनियातले लोकही दातातल्या अळीला शाप देणारे मंत्र म्हणत, त्यामुळे ही समजूत काही फक्त आपली नाही. पण धुरी घेऊन ठणका तासभर कमी वाटला, तरी खड्डा तिथेच राहतो आणि आतल्या आत वाढतो. या समजुतीचं खरं नुकसान हे, की दवाखान्यात यायला महिने उशीर होतो.

मग दात पोखरतं कोण? तोंडातले जिवाणू. त्यांतला स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स हा मुख्य. दातांवर नखाने खरवडलं तर पांढरट चिकट थर निघतो, त्यात ते दाटीवाटीने राहतात. आपण गोड खाल्लं की तेही खातात, आणि ती साखर पचवताना आम्ल सोडतात. दात झिजवतं ते हे आम्ल.

कडप्प्याचा ओटा आणि लिंबाचा डाग

ज्यांच्या स्वयंपाकघरात काळ्या कडप्प्याचा ओटा आहे, त्यांना हे पटकन कळेल. ओट्यावर लिंबाचा रस सांडला आणि पुसायचा राहिला, की तिथे पांढुरका, खरखरीत डाग उमटतो. लिंबाच्या आम्लाने दगडातला चुना थोडा विरघळलेला असतो. दाताचं वरचं कठीण आवरण, ज्याला एनॅमल म्हणतात, तेही बहुतांश कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या खनिजाचं बनलेलं असतं. आम्ल लागलं की त्यातून खनिज बाहेर पडतं. म्हणून दात किडायची सुरुवात काळ्या डागाने होत नाही, खडूसारख्या पांढऱ्या, निस्तेज डागाने होते. बहुतेक आई-वडिलांना तो डाग दिसत नाही, कारण त्यांची नजर काळं शोधत असते.

ओट्यावरचा डाग आपोआप भरून येत नाही. दाताचा येऊ शकतो. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं, आम्ल ओसरलं की ते दातात परत जाऊन बसतं. दिवसभर दातात असं जमा-खर्चाचं खातं चालू असतं. जमा खर्चाहून जास्त राहिली, तर पांढरा डागही घट्ट होतो, थांबतो. खर्च रोजच जास्त होऊ लागला, की पृष्ठभाग खचतो आणि खड्डा पडतो. एकदा पडलेला खड्डा मात्र लाळ बुजवू शकत नाही.

या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा आहे तो 'किती वेळा' हा हिशेब. काही गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच दातावरची आम्लता त्या पातळीला पोचते, जिथे एनॅमल विरघळायला लागतं. पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा (जितका कमी तितकं आम्ल जास्त), मोजला तर साधारण ५.५च्या खाली. तिथून पूर्वपदावर यायला अर्धा तास ते तासभर लागतो. पेढा एक खाल्ला काय आणि पाठोपाठ दोन खाल्ले काय, आम्लाची फेरी साधारण एकच. पण तेच दोन पेढे दोन तासांच्या अंतराने खाल्ले तर दोन फेऱ्या.

आता एका मुलाचा दिवस मोजून बघा. सकाळी सातला साखर घातलेलं दूध. आठला रिक्षात बिस्किट. साडेदहाला डब्यात जॅम-पोळी. शाळा सुटल्यावर चॉकलेट. दीडला जेवण. चारला पुन्हा दूध-बिस्किट. सहाला खेळून आल्यावर डब्यातलं फळांचं पेय. साडेआठला जेवण. झोपताना दुधाची बाटली. नऊ फेऱ्या झाल्या, म्हणजे दातांना सावरायला मोकळा वेळ राहिलाच नाही. यात हट्टाने मागितलेलं असं एकच चॉकलेट आहे. बाकी सगळं घरच्यांनी प्रेमाने दिलेलं.

वारंवारतेचा हा धडा ज्या प्रयोगातून पक्का झाला, त्याबद्दल लिहिताना मला नेहमी अवघड वाटतं. १९४०च्या दशकात स्वीडनमधल्या विपेहोल्म इथल्या संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेल्या रहिवाशांना मुद्दाम वेगवेगळ्या प्रकारे साखर दिली गेली. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांचे दात फारसे बिघडले नाहीत. जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी खाणाऱ्यांचे भराभर किडले. त्या माणसांची संमती कुणी घेतली नव्हती, आणि आज असा प्रयोग कुणालाही करू दिला जाणार नाही. त्यांच्या दातांच्या मोलाने मिळालेलं हे ज्ञान आहे. ते निदान वाया तरी घालवू नये.

आपल्या जुन्या ताटात गोड पदार्थ जेवणातच वाढला जातो. पुरणपोळी, शिरा, उकडीचा मोदक. दातांच्या दृष्टीने ही रीत चांगली आहे. गणपतीतल्या मोदकांपेक्षा वर्षभर खिशात असलेलं बिस्किट दाताला महाग पडतं. आणि साखरेऐवजी गूळ किंवा मध दिला तर चालेल का, असं विचारणाऱ्यांसाठी: जिवाणूंना त्यात फरक कळत नाही. राजगिऱ्याची चिक्की आणि खजूर पौष्टिक आहेत, पण दाताला चिकटून बसतात, म्हणून त्यांची जागाही जेवणाच्या वेळीच.

दुधाचा दात किती दिवसांचा पाहुणा?

दुधाचे दात २० असतात. पहिला साधारण सहाव्या महिन्यात दिसतो, अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येतात. सहाव्या-सातव्या वर्षी पुढचे दात हलायला लागतात आणि इथेच आजींचा गोंधळ होतो. पुढचे दात लवकर पडतात, म्हणून दाढाही तशाच पडतील असं वाटतं. पण दुधाच्या दाढा पडतात नवव्या ते बाराव्या वर्षाच्या दरम्यान. दुसरी इयत्ता ते सहावी, एवढा काळ मूल त्याच दाढांनी भाकरी चावणार असतं.

दुधाच्या दाताचं एनॅमल मोठ्यांच्या दाताच्या जवळपास निम्म्याच जाडीचं असतं. त्याच्या आत मऊसर थर, डेंटिन, आणि त्याच्याही आत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचा जिवंत गाभा, ज्याला आपण सगळे 'नस' म्हणतो. दुधाच्या दातात ही नस दाताच्या आकाराच्या मानाने मोठी आणि पृष्ठभागाच्या जवळ असते. म्हणून मोठ्या माणसाच्या दातात जी कीड आत जायला काही वर्षं घेते, ती लहान मुलाच्या दातात काही महिन्यांत नसेपर्यंत पोचते. "दिवाळीत एवढासा ठिपका होता हो," असं आई सांगते ते अगदी खरं असतं.

नस सडली की संसर्ग मुळाच्या टोकाशी जातो. हिरडीवर पुरळासारखा फोड येतो, फुटतो, बरं वाटतं, पुन्हा येतो. त्या मुळांच्या अगदी खाली पक्क्या दाताचा कोंब तयार होत असतो. वरचा पू दीर्घकाळ राहिला, तर खालचा पक्का दात डागाळलेल्या किंवा खडबडीत एनॅमलसह उगवू शकतो. म्हणजे 'तात्पुरत्या' दाताचं दुखणं कायमच्या दातावर उमटतं.

दूध घेऊन झोपणाऱ्या बाळांत किडीची जागासुद्धा ठरलेली असते. वरचे पुढचे चार दात आधी जातात आणि खालचे पुढचे दात शाबूत राहतात. कारण बाटली तोंडात असताना खालच्या दातांवर जीभ असते आणि तिथे लाळही भरपूर असते. झोपेत तर लाळ फारच कमी होते. वरच्या दातांवर दूध तासन्‌तास साचून राहतं, धुवायला कुणी नसतं.

"मग काढूनच टाका ना!"

किडलेली दाढ काढून टाकली तर कटकट मिटेल, हा पुढचा प्रश्न. कधी कधी काढावीच लागते. पण दुधाची दाढ पक्क्या दाताची जागा राखून ठेवत असते. एसटीत खिडकीच्या जागेवर रुमाल टाकतात तशी. रुमाल उचलला की शेजारचा सरकून बसतो. दाढ वेळेआधी गेली, तर मागची दाढ पुढे कलते, आणि दोन-तीन वर्षांनी खालून येणाऱ्या दाताला जागा उरत नाही. तो वाकडा येतो किंवा हाडातच अडकून बसतो. मग तेराव्या वर्षी तारा लावायची वेळ येते. म्हणून दाढ काढावी लागलीच, तर बऱ्याचदा तिथे जागा राखणारी तारेची छोटी कडी बसवतात.

चांदी, सिमेंट आणि टोपी

आता मूळ प्रश्न. खड्डा पडलाय, त्यात भरायचं काय?

आपल्या लहानपणी 'चांदी भरायचे'. त्या राखाडी मिश्रणात साधारण निम्मा पारा असतो, बाकी चांदी, कथिल आणि तांबं. जपानमधल्या मिनामाता गावात कारखान्यातून समुद्रात सोडलेल्या पाऱ्याने माणसं अपंग झाली, मेली. त्या गावाच्या नावाने २०१३ साली पारा कमी करण्याचा जागतिक करार झाला. भारतानेही त्याला २०१८मध्ये मान्यता दिली. २०२२मध्ये त्या कराराच्या देशांनी ठरवलं की दुधाच्या दातांत, १५ वर्षांखालच्या मुलांत आणि गरोदर व स्तनपान करणाऱ्या स्त्रियांत पाऱ्याचं फिलिंग टाळायचं. नोव्हेंबर २०२५मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत ते जगभरातूनच २०३४पर्यंत बंद करण्यावर एकमत झालं. ही बातमी वाचून "माझ्या दातातली चांदी काढून टाका" असं सांगत काही जण येतात. तसं करू नका. घट्ट बसलेलं जुनं फिलिंग उगाच उकरताना उलट पाऱ्याची वाफ जास्त बाहेर पडते. कराराची मोठी चिंता पर्यावरणात जाणाऱ्या पाऱ्याची आहे, आणि मुलांच्या बाबतीत ही काळजी आगाऊ घेतलेली आहे.

मुलांच्या दातांत आता बहुतेक वेळा 'सिमेंट' भरतात. त्याचं नाव ग्लास आयनोमर. १९७०च्या सुमारास लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेत ते तयार झालं. ते दाताला रासायनिकरीत्या चिकटतं आणि हळूहळू थोडं फ्लोराइड सोडत राहतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. १९८०च्या दशकात टांझानियात दंतवैद्यांनी दाखवून दिलं की वीज, यंत्र काहीही नसताना हातातल्या छोट्या अवजाराने मऊ झालेला भाग खरवडून हेच सिमेंट भरता येतं. मुलाला बऱ्याचदा सुईही द्यावी लागत नाही. घूं-घूं आवाजाची ज्यांना धास्ती आहे, त्या मुलांसाठी ही पद्धत मी आवर्जून वापरते.

पण या सिमेंटची ताकद मर्यादित आहे. दाढेच्या वरच्या पृष्ठभागावरचा छोटा खड्डा असेल तर ते छान टिकतं. दोन दाढांच्या मधल्या फटीत कीड असेल, तर तिथे चावण्याचा दाब काठावर येतो आणि सिमेंट तुटतं. "तीनदा भरलं, तीनदा पडलं" अशी तक्रार असते, तेव्हा बहुधा कारण हेच असतं. डॉक्टरचा हात वाईट असतो असं नाही, जागाच अवघड असते. तिथे कॉम्पोझिट नावाचं दाताच्या रंगाचं फिलिंग, किंवा टोपी बरी.

टोपी म्हणजे स्टीलची कॅप. तिच्याविषयी थोडं सविस्तर सांगते, कारण पालकांना ती सर्वांत नकोशी वाटते आणि माझा सर्वांत जास्त भरवसा तिच्यावर आहे. नॉर्ना हॉल नावाच्या स्कॉटिश दंतवैद्य बाई १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून मुलांच्या किडलेल्या दाढेवर कीड न खरवडता, सुई न देता, थेट टोपी चिकटवत होत्या. इतरांना ते अशास्त्रीय वाटलं. पुढे स्कॉटलंडमध्येच रीतसर चाचणी झाली, २००७मध्ये निष्कर्ष आले आणि नेहमीच्या फिलिंगपेक्षा त्या टोप्यांची कामगिरी सरस ठरली.

कीड आत ठेवून वर झाकण, हे ऐकून कुणालाही धक्का बसेल. निखाऱ्यावर पातेलं उपडं घातलं तर काय होतं ते आठवा. हवा मिळाली नाही की तो विझतो. टोपीखाली कोंडलेल्या जिवाणूंना साखर मिळत नाही, आणि त्यांचं आम्ल बनवणं थांबतं. अट एकच, आग आधीच घरात शिरलेली नसावी. नस सडलेली असेल, रात्री ठणकत असेल, हिरडीला फोड असेल, तर असं झाकून चालत नाही. टोपी बसवल्यावर काही दिवस तिथले दात बाकीच्यांच्या आधी टेकल्यासारखे वाटतात, मग चावा आपोआप जुळतो. आणि वेळ आली की दात टोपीसकट पडतो.

नसेपर्यंत कीड गेली असेल, पण मुळं निरोगी असतील, तर नसेचा फक्त वरचा, सुजलेला भाग काढून औषध भरतात आणि टोपी बसवतात. पूर्ण नस गेली असेल तर मुळांतली साफसफाई. घरोघरी दोन्हींना 'रूट कॅनल'च म्हणतात. डॉक्टरांना विचारून घ्या की यांतलं नेमकं कोणतं करणार, कारण खर्च आणि वेळ वेगळा असतो.

आणखी एक उपाय आपल्याकडे पुरेसा वापरला जात नाही. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचा द्रव. जपानमध्ये तो १९७०पासून आहे. कापसाने दात कोरडा करायचा, थेंबभर लावायचा. चांदी जिवाणू मारते, फ्लोराइड दात घट्ट करतं. दोन-तीन वर्षांचं मूल तोंड उघडू देत नाही, भूल देऊन उपचार करायची वेळ आलेली असते, तिथे हा द्रव वेळ मिळवून देतो. मोल एकच, किडलेला भाग कायमचा काळा पडतो. पुढच्या दातांवर काळा डाग नको वाटतो, आणि मला ते समजतं. तो निर्णय आई-वडिलांचा. पण हा काळा डाग किडीचा नसतो, कीड थांबल्याची ती खूण असते, एवढं नातेवाइकांनाही सांगून ठेवा, नाहीतर पुढच्या लग्नकार्यात मुलालाच ऐकून घ्यावं लागतं.

सिमेंट भरलं म्हणजे संपलं का?

पावसाळ्यात रस्त्याला खड्डा पडतो. महापालिका डांबर टाकते. पाण्याचा निचरा तसाच तुंबलेला असेल, तर पुढच्या पावसात शेजारी दुसरा खड्डा. सिमेंट, टोपी, चांदी या सगळ्यांनी खड्डा बुजतो. खर्चाकडे झुकलेलं खातं त्याने सुधारत नाही. ज्या मुलाचे सहा दात भरले आणि रात्रीची बाटली तशीच राहिली, ते मूल सहा महिन्यांनी सातवा दात घेऊन येतं. तेव्हा आई-वडिलांना वाटतं, आमच्या घराण्यातच दात कच्चे. एनॅमल मुळातच कमकुवत असलेली काही मुलं असतात, हे खरं. पण घराण्यात बऱ्याचदा दातांपेक्षा सवयीच वारशाने येतात, आणि किडीचे जिवाणूसुद्धा. आईने फुंकर घालून चाखलेला घास बाळाच्या तोंडात जातो, त्याबरोबर तेही जातात. म्हणून बाळ होण्याआधी आईचे दात बरे करून घेणं ही बाळाच्याही दातांची काळजी आहे.

निचरा मोकळा करायचा म्हणजे दोन गोष्टी. खाण्याच्या वेळा ठरवून मधल्या वेळी फक्त पाणी, आणि रात्री झोपण्यापूर्वी ब्रश. सकाळचा ब्रश आपण कधी चुकवत नाही, रात्रीचा राहतो. एकच करायचा असेल तर रात्रीचा करा. आणि सात-आठ वर्षांपर्यंत तो मोठ्यांनी करायचा. ज्या मुलाला बुटाची नाडी नीट बांधता येत नाही, त्याला मागच्या दाढेचा कोपरा घासता येत नाही. त्याच्या मागे उभं राहून, त्याचं डोकं आपल्या छातीला टेकवून घासलं की सगळे दात दिसतात. राखुंडी नको, आणि मशेरी तर अजिबात नको. ती जाळलेली तंबाखू आहे.

बाटली एकदम बंद केली तर घर रात्रभर जागं राहतं. रोज दुधात थोडं पाणी वाढवत न्या. आठ-दहा दिवसांत बाटलीत फक्त पाणी उरतं आणि मूल ती आपणहून सोडतं.

फ्लोराइड विष आहे म्हणतात

टूथपेस्टमधलं फ्लोराइड एनॅमलमध्ये बसलं की ते आम्लाला जास्त दाद देत नाही, आणि जमा-खर्चातली जमा वाढते. तरी मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांनी अनेक आयांनी ते बंद केलंय. ही भीती हवेतून आलेली नाही. यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ते असावं, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर १.५. त्याहून जास्त पाणी वर्षानुवर्षं प्यायल्याने मुलांचे दात पिवळे-तपकिरी चट्ट्यांचे होतात, पुढे हाडंही ताठरतात. हा मोठा आणि दुर्लक्षित प्रश्न आहे.

पण ते पोटात जाणारं पाणी, रोज, लिटरने. टूथपेस्ट थुंकायची असते. मीठ भाजीत चिमूटभर आणि मूठभर यांत जो फरक आहे तोच. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जाहिरातीत ब्रशभर नागमोडी पेस्ट दाखवतात, ती विकण्यासाठी. ट्यूबवर फ्लोराइड १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) लिहिलेलं बघा. भारतात टूथपेस्टसाठी तीच कमाल मर्यादा आहे. मुलांच्या रंगीत, फळांच्या चवीच्या काही ट्यूबांमध्ये फ्लोराइड निम्मं असतं किंवा नसतंच. घासून झाल्यावर थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे ते दातावर थोडा वेळ राहतं. तुमच्या गावचं पाणी फ्लोराइडचं असेल तर लहान मुलाची पेस्ट डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

एक्स-रेची भीती, सुईची भीती, खर्चाची भीती

दातांमधल्या फटीतली कीड डोळ्यांना दिसत नाही, म्हणून छोटा एक्स-रे काढतात. त्यातला किरणोत्सर्ग साधारण तेवढाच, जेवढा आपल्याला निसर्गातून एका दिवसात मिळतो.

सुईची भीती घरातच तयार होते. "चॉकलेट खाल्लंस तर डॉक्टर दात उपटतील" हे वाक्य म्हणू नका. त्याची किंमत मूल माझ्या खुर्चीत मोजतं. पहिला वाढदिवस होईपर्यंत एकदा, काहीही दुखत नसताना, बाळाला दाखवून आणा. बाळ आईच्या मांडीवर, डोकं डॉक्टरच्या मांडीवर, दोन मिनिटांत तपासणी होते.

खर्चाचं ओझं खरं आहे, आणि कीड जितकी उशिरा दाखवाल तितकं ते वाढतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात, दातही तपासतात. पथक शाळेत येऊन गेलं तर चिठ्ठी मागा, दप्तरात तशीच राहू देऊ नका. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबई महापालिकेचं नायर दंत रुग्णालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, या सगळीकडे लहान मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे आणि खर्च खासगीपेक्षा बराच कमी येतो. रांग लागते. पण गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळायला त्रास व्हायला लागला, तर रांगेचा आणि उद्याचा विचार न करता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

शेवटच्या दाढेच्या मागे

त्या मुलीच्या दाढेला टोपी बसवली. आजींनी टोपी नीट बघायची म्हणून मोबाइलचा दिवा धरला आणि थबकल्या. "ही मागची कुठली? ही तर नव्हती."

दुधाच्या शेवटच्या दाढेमागून हिरडी फाडून पांढरं टोक वर येत होतं. सहाव्या वर्षी येणारी ही पहिली पक्की दाढ. ती येताना कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही आणि सगळे तिला दुधाचीच समजतात. ती पूर्ण वर यायला कित्येक महिने लागतात. तोवर ती शेजारच्या दाढेपेक्षा बुटकी असते, ब्रश तिच्यावरून नुसता निघून जातो. वरच्या बाजूला खोल घळी असतात, त्यांत अन्न साचतं. याच काळात ती किडते. पुरेशी वर आली की त्या घळी पातळ लेपाने बंद करता येतात. तोपर्यंत ब्रश गालाच्या बाजूने आडवा आत घालून तिला वेगळं घासावं लागतं.

आजींनी मला ते दोनदा करून दाखवायला लावलं. मग ब्रश माझ्या हातातून घेतला, नातीची हनुवटी धरली आणि म्हणाल्या, "आ कर बघू."